प्रवेश सातवा

आमच्या गावच्या नाटकाच्या मूळ संहितेत सातवा प्रवेश पाच पानांचा होता. त्यात गोऱ्या शिपायांना मिळून २२ वाक्यं होती. ज्या बाईवर तो प्रवेश रचला होता, तिला एकही वाक्य नव्हतं. तिच्या वाट्याला कंसातला एक शब्द आला होता, पाच वेळा: किंचाळते. त्यातल्या दोन ठिकाणी 'किंचळते' असं पडलं होतं. मी लाल पेनानं दोन्हीकडे काना दिला आणि संहिता गावच्या नाट्यमंडळाकडे परत पाठवली.

ते दोन काने माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून हे प्रकरण सगळं लिहून ठेवतो आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. कारण पुढं येईलच.

गाव चिमूर तालुक्यातलं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला सोयाबीन. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवसा दंडार (इथलं लोकनाट्य), जिलेबी-चिवड्याची दुकानं, लेकीजावयांची गर्दी, रात्री नाटक. झाडीपट्टीचं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं तिथं जाऊन कलावंत आणि तारीख ठरवतात. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवल्यावर पडतो. मधे लावणी होते, विनोदी जोडी येते, 'वन्स मोअर' होतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडं शहरांचं थोडं लक्ष गेलं. आमच्याकडं मात्र ती घरातलीच वस्तू आहे. मी हायस्कुलात मराठी शिकवली आणि हंगामात विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलं. निवृत्तीनंतर मंडळाची पोरं संहिता भाषेसाठी माझ्याकडं आणून देतात.

त्या वर्षी मंडळानं ठरवलं की नेहमीचं सामाजिक नाटक नको, शहरात होतात तसं मैदानावरचं महानाट्य करायचं. विषय आपलाच: बेचाळीसचं चिमूर. गावातली ऐंशीएक माणसं, कंपनीचे पाच-सहा कसलेले कलावंत, दोन घोडे, धुराची यंत्रं, सुतळी बॉम्बचा गोळीबार, आणि खरोखर जळणारा डाक बंगला. खुर्चीचं तिकीट वेगळं, जमिनीवरचं वेगळं. नफा वाचनालयाच्या छपराला. भोंग्याच्या गाडीवर पंधरा दिवस आधीपासून एक ओळ फिरत होती: चिमूरचा थरार, डोळ्यांदेखत. तो 'थरार' शब्द मी ऐकला होता. तेव्हा काही वाटलं नाही.

बेचाळीसचं चिमूर

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढारी तुरुंगात गेले. महायुद्ध ऐन भरात होतं. जपाननं ब्रह्मदेश घेतला होता आणि सरकारला पाठीमागून उठाव परवडणार नव्हता. त्या वर्षीची दडपशाही नेहमीच्या लाठीमारापेक्षा वेगळी होती ती यामुळं. युद्धाच्या नावाखाली सैन्य गावात पाठवता येत होतं आणि युद्धाच्याच नावाखाली त्याची बातमी दाबता येत होती.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं त्या दिवसांत चिमूर भागात घरोघर पोचलेली. सकाळी मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळी चालवली, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. मग जमाव आवरला नाही. डाक बंगल्याला आग लागली. उपविभागीय अधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे मारले गेले, एक सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि तिथंही दोन्हीकडची माणसं पडली.

तीन दिवसांनी चिमुरात गोरी पलटण आली. पुरुष पकडले गेले किंवा रानात पळाले. गावात बायका आणि लेकरं उरली. पुढं जे झालं ते नागपूरहून गेलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळापुढं चिमूरच्या बायकांनी सांगितलं. हिंदू महासभेचे डॉ. मुंजेही तिथं जाऊन आले. सरकारनं चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले आणि नोव्हेंबरात लोकनायक अण्यांच्या दारात उपवासाला बसले. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि ते आपल्या यवतमाळचे. भन्साळींना उचलून परत पाठवलं, तर ते चिमूरच्या वाटेनं पायी निघाले. उपवास ६३ दिवस चालला, १२ जानेवारी १९४३ ला सुटला. त्याची बातमी छापायला बंदी घातली म्हणून ६ जानेवारीला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. चिमूर-आष्टीच्या खटल्यात फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टाळण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं आणि त्या जन्मठेपेवर आल्या.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण मंडळाची सगळ्यांत बळकट बाजू इथंच आहे. चिमूरची गोष्ट सांगू नये असा हुकूम एकदा निघालेला आहे. तो इंग्रजांचा होता. मंडळाच्या अध्यक्षाचा सवाल मला अजून टोचतो: "गुरुजी, एक माणूस त्रेसष्ट दिवस उपाशी राहिला, हे लोकायले कळावं म्हनून. अना आता तुमी म्हनता दाखवू नोका?"

तालमीतलं

तालमी शाळेच्या मागच्या पटांगणात होत. शिपायांचं काम करणारी पोरं विशी-बाविशीची. बाकीच्या प्रवेशांना उशिरा येणारी हीच पोरं सातव्याला वेळेआधी हजर असत. मी पहिल्यांदा तालमीला गेलो तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर आणखी पंधरा-वीस पोरं बसली होती. लाल दिवा लागला, ध्वनिमुद्रित संगीत सुरू झालं, शिपाई दारावर लाथा मारून आत घुसले आणि भिंतीवरून शिट्टी वाजली.

ही पोरं वाईट नाहीत, हे मला इथं लिहायलाच हवं. त्यातल्या तिघांना मी शिकवलं आहे. कुणाच्या घरी मयत झाली की लाकडं फोडायला हीच पोरं पुढं असतात. शिट्टी त्यांच्या मनातून येण्याआधी त्या प्रवेशाच्या रचनेतून आली होती. दिवा शिपायांवर होता. वाक्यं शिपायांना होती. दार आपल्या बाजूला होतं, म्हणजे बघणारा शिपायांच्या पाठीशी उभा राहून आत बघत होता. माणसाला जिथं उभं कराल तिथून तो बघतो.

बाईचं काम करणारी मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. गावातलीच, आवाज खणखणीत. तिनं तालीम मधेच थांबवली आणि दिग्दर्शकाला विचारलं, "सर, मी बोलत काऊन नाही?" दिग्दर्शक म्हणाला, "तुझं बोलणं किंकाळीतच आहे." तिनं पुन्हा विचारलं, "मंग ते शिपाई काऊन बोलतेत?"

मी तिथंच बसलो होतो. घरी येऊन संहितेची माझ्याकडची झेरॉक्स काढली आणि मोजलं. २२ आणि शून्य. त्या पोरीला जे चार दिवसांत दिसलं, ते चाळीस वर्षं भाषा शिकवून मला दिसलं नव्हतं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं होतं.

धूर आणि घोडे लावून इतिहास उभा करायची हौस फक्त आपल्याला आहे असं नाही. ऑक्टोबर १९७६ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या हार्लिंजनला विमानांच्या जत्रेत हिरोशिमाचा देखावा झाला होता. ज्यानं खरा बॉम्ब टाकला त्या पॉल टिबेट्सनंच बी-२९ विमान पुन्हा उडवलं आणि खाली दारूकाम करून छत्रीसारखा ढग काढला. हिरोशिमाहून निषेध झाला, अमेरिकेच्या सरकारला जपानची माफी मागावी लागली. त्या देखाव्यात विमान होतं, वैमानिक होता, ढग होता. ढगाखाली कुणी नव्हतं. आपल्याकडं २०२१ मध्ये जालियनवाला बागेचं नूतनीकरण झालं, ध्वनि-प्रकाशाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यावरून बरीच टीका झाली. ज्या अरुंद बोळातून डायरचे शिपाई आत आले, त्या बोळाच्या भिंतींवर आता हसऱ्या माणसांची शिल्पं आहेत. हे मी वाचलं तेव्हा मला आमची भिंतीवरची पोरं आठवली.

आजी

गावात एक आजी आहे. बेचाळीस साली ती पाळण्यात होती. तिची आई चिमूरची. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आई तिला घेऊन मामाच्या गावी, म्हणजे इथं, आली आणि परत गेली नाही. नवरा मागाहून आला. याहून जास्त गावात कुणी कधी बोललेलं नाही, पण जुन्या माणसांना माहीत आहे, आणि माहीत असलेल्याला बोलावं लागत नाही.

संहितेत बाईचं नाव बदललेलं होतं. लेखक तालुक्याच्या गावचा, त्यानं चांगल्या मनानंच नाव बदललं. पण तिच्या नवऱ्याची खूण त्यानं कुठून तरी ऐकलेली तशीच ठेवली होती. ती खूण मी इथं लिहीत नाही. त्या एका खुणेवरून आमच्या गावातलं शेंबडं पोरगंही दार दाखवू शकलं असतं. अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव, किंवा तिची ओळख पटेल असं काहीही, छापू नये असं आजचा कायदा सांगतो. भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम. खेड्यात 'काहीही'ला फार थोडं लागतं. एक निंबाचं झाड पुरतं, एक आडनाव पुरतं.

मंडळानं आजीला विचारलं नव्हतं. का, तर कुणाला सुचलं नाही. अकरा जणांच्या कार्यकारिणीत एकही बाई नव्हती. मीही सुचवलं नव्हतं.

तालमीतली मुलगी आजीच्या सुनेच्या बचत गटातल्या एका बाईची पुतणी निघाली. त्या वाटेनं ते घरी कळलं. सुनेनं मला बोलावून घेतलं. आजी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. दिसतं अंधुक, खडे बोटांनी शोधते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माह्या मायनं मले कदी सांगतलन नाही. मले मालूम हाये, हे तिले मालूम नव्हतं. तशीच गेली ते."

मी म्हटलं, "आजी, तुम्ही नाही म्हणाल तर तो प्रवेश होणार नाही." हे बोलायचा मला काय अधिकार होता, देव जाणे. त्यावर ती जे म्हणाली, त्याची मला अपेक्षा नव्हती.

"चिमूरचं सांगा ना जी. सांगाच. पन माही माय त्याच्यानंतर पंचावन वर्स जगली. रोवना केलन, पाच लेकरं वाढवलन, हे घर बांधलन. ते कोन दाखवल?"

ग्रामपंचायतीतली बैठक

बैठकीला आजी आली नाही. सून आली, नातू आला, आणि बचत गटाच्या नऊ बायका न बोलावता आल्या. मंडळाची सगळी पोरं होती, वडशाहून दिग्दर्शक आला होता.

मंडळाच्या बाजूनं जे मुद्दे आले त्यातला पहिला, बातमी दाबण्याचा, वर सांगितला. दुसरा असा: झाडीपट्टीत सासुरवास होतो, शेतकऱ्याची आत्महत्या होते, बलात्कारही होतो, सगळं नाटकात येतं आणि बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बघतात. मग हेच काय वेगळं? तिसरा मुद्दा दिग्दर्शकानं मांडला, आणि मला तो सगळ्यांत प्रामाणिक वाटला: "सातवा काढला तर रात्री दोननंतर मैदान रिकामं होईल. माझे लोक रिकाम्या मैदानापुढं काम करणार नाहीत."

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर सुनेनं दिलं. नाटकातली सासुरवाशीण कुणाची लेक असते, पण आपल्या गावातली नसते. ती मेली तरी उद्या दुसऱ्या गावात उभी राहते. "हे ज्याची हाय तो प्रेक्षकात बसला हाय," असं ती म्हणाली, आणि नातवाकडं बघितलं. नातू खाली बघत होता.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर मी दिलं, आणि ते अजूनही मला पुरेसं वाटत नाही, पण जे म्हणालो ते असं. चिमूरच्या बायका बोलल्या. गप्प बसल्या नाहीत. त्या काळी, त्या गावात, त्यांनी परक्या शहरातून आलेल्या बायकांपुढं तोंड उघडलं, कारण त्यातून चौकशी होईल अशी आशा होती. ती साक्ष होती. जिच्यावर बेतलं तिनं दिलेली, आपल्या मर्जीनं, काही करू शकेल अशा माणसापुढं. भन्साळी उपाशी राहिले ते त्या साक्षीची चौकशी व्हावी म्हणून. त्यांना लोकांनी तो प्रसंग बघावा असं वाटत नव्हतं, सरकारनं उत्तर द्यावं असं वाटत होतं. आपल्या सातव्या प्रवेशात साक्ष नाही, सोंग आहे. सोंगाला मी कमी लेखत नाही, दंडारीतल्या सोंगांवरच मी वाढलो. पण ज्या बाईनं खरोखर तोंड उघडलं, तिला आपण मुकी केली आणि शिपायांना वाक्यं दिली. इंग्रजांनी तिचं बोलणं छापू दिलं नाही. आपण ते लिहिलंच नाही.

मी त्यांना भरतमुनींचं वचनही सांगितलं. युद्ध, राज्याचा नाश, मरण, नगराला पडलेला वेढा, या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोड-प्रवेशातून, सांगाव्यात, असं नाट्यशास्त्रात आहे. पोरांना त्यात फारसा रस वाटला नाही. दिग्दर्शकाला मात्र वाटला. "सांगायचं, दाखवायचं नाही," असं तो दोनदा पुटपुटला.

मग खरी अडचण निघाली. कोषाध्यक्ष म्हणाला, "म्हणजे एका घरानं नाही म्हटलं तर सगळ्या जिल्ह्याचा इतिहास बंद?" प्रश्न रास्त आहे. उद्या डाक बंगला जाळणाऱ्या कुणाचा पणतू येईल आणि म्हणेल, आमच्या आजोबाला खुनी दाखवू नका. परवा कुणी म्हणेल, आमच्या घराण्यातला माणूस सरकारी साक्षीदार होता हे काढा. असं करत गेलो तर सांगायला उरेल काय?

माझं मत मी तिथं दिलं आणि आजही तेच आहे. चिमुरात पलटणीनं काय केलं ही हकीकत कुठल्या एका घराची नाही. ती सांगायला कुणाची परवानगी लागू नये. आजीनंही ती अडवली नव्हती. पण ती खूण, ती ओसरी, तो आवाज, हे त्या घराचं आहे. तिथं घराचा नकार शेवटचा. पणतूचा प्रश्न वेगळा, कारण जाळणाऱ्यानं जे केलं ते त्यानं केलं. या बाईनं काही केलेलं नाही, तिच्यावर केलं गेलं. केलेल्या गोष्टीचा जबाब पिढ्यांनी मागता येतो. सोसलेल्या गोष्टीचा देखावा मागता येत नाही.

कोषाध्यक्षाला हे पटलं नाही. त्यानं तसं सांगितलं आणि बैठक सोडली नाही, याबद्दल मला त्याचा आदर आहे.

तोडगा बायकांनी काढला. बचत गटातली एक बाई म्हणाली, शिपायी नोका आनू. दार बी नोका. बाया बसवा तांदूळ निवडत, अना नागपूरवाली बाई आली म्हना, अना तिले सांगतेत म्हना. "आमी अशाच सांगतो एकमेकीले. हात चालत रायते, मान खाली रायते."

नवा सातवा

नवा प्रवेश मी, ती मुलगी आणि बचत गटाच्या दोघींनी मिळून चार रात्रींत लिहिला. तीन बायका, तीन सुपं, एक कंदील. एकही पुरुष मंचावर नाही. नागपूरची बाई प्रेक्षकांकडं पाठ करून बसते, म्हणजे सांगणाऱ्या बायका थेट प्रेक्षकांकडं बघतात. काय झालं ते पुरतं सांगितलं जात नाही. एक बाई वाक्य सुरू करते, दुसरी ते पुढं नेते, तिसरी थांबवते आणि तांदळातला खडा बाजूला टाकते. मुलीला शेवटी १९ वाक्यं मिळाली. खडे टाकण्याचा आवाज पुरेसा ऐकू यावा म्हणून आर्गन आणि ऑक्टोपॅडवाल्यांना हात बांधून बसायला सांगितलं. झाडीपट्टीत वादक गप्प बसणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल.

त्यानंतर एक माणूस फळा घेऊन येतो आणि खडूनं आकडे लिहीत जातो. १, २, ३. उपवासाचे दिवस. मधून मधून ध्वनिक्षेपकावरून त्या त्या दिवसांत काय घडलं ते वाचलं जातं. ६३ वर थांबतो. मग प्रवेश दुसऱ्या जागी उजाडतो: पाऊस, बांधी, त्याच बाया, केस पिकलेले, परे (भाताची रोपं) काढतायत, रोवणा (भातलावणी) चाललाय, लेकरं बांधावर. संवाद साधे, पाऊसपाण्याचे. आजीनं मागितलेलं एवढंच होतं.

सातव्यानंतर लगेच लावणी ठेवायची नाही, हे मंडळानं एका बोलात मान्य केलं. भोंग्याच्या गाडीवरची 'थरार'ची ओळ बदलायला मात्र दोन दिवस वाद झाला. शेवटी नुसतं 'चिमूर १९४२' राहिलं.

प्रयोगाच्या रात्री सातवा सुरू झाला तेव्हा पावणेतीन वाजले होते. सुरुवातीला जमिनीवरच्या तिकिटांतून एक शिट्टी आली. मग कुणी तरी दबक्या आवाजात त्याला दटावलं. थंडी होती, लोक घोंगड्या-चादरींत गुरफटलेले. काही उठून चहाच्या टपरीकडं गेले, ते मी मोजले नाहीत. बायकांच्या बाजूला हालचाल नव्हती. फळ्यावर चाळीसच्या पुढं आकडे गेले तेव्हा मागून एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, एक्केचाळीस, बेचाळीस, आणि हळूहळू मैदान मोजू लागलं. हे आम्ही बसवलेलं नव्हतं.

गल्ला अपेक्षेपेक्षा कमी आला. वाचनालयावर अर्धेच पत्रे पडले. मंडळातल्या काहींच्या मते त्याचं कारण सातवा. खरं असेल.

डाक बंगला

प्रकरण इथं संपलं असतं, पण त्या रात्रीचा पाचवा प्रवेश राहिला आहे.

पाचव्यात डाक बंगला जळतो. तणस आणि बांबूचा उभा केलेला बंगला, आत दोन माणसं, कोटातली. एक डुंगाजी, एक सोनवणे. जमाव बांधाकडून येतो, मशाली, आरोळ्या. बंगला पेटतो तेव्हा आतली दोन माणसं मागच्या बाजूनं निघून जातात आणि ध्वनिफितीवर त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात. त्या रात्री मैदान उठून नाचलं. रुमाल उडाले, पोरं खांद्यांवर चढली, 'वन्स मोअर' झालं. बंगला जळून गेला होता म्हणून तो देता आला नाही, एवढंच.

मी विंगेत होतो. हातात संहिता होती. तिथंही कंसात तेच लिहिलेलं होतं: किंचाळतात.

सातव्यासाठी एवढं केलं आणि पाचवा मी एकदाही नजरेखालून नीट घातला नव्हता. आजी आमच्या गावात होती म्हणून ती आठवली. सोनवण्यांचं कुणी आमच्या गावात नाही. गोळी कुणी चालवली, हुकूम कुणाचा होता, लोकांच्या डोळ्यांपुढं बालाजी पडला तेव्हा त्यांच्या आत काय झालं असेल, हे सगळं मी समजतो. ज्यांना फाशी सुनावली त्यांच्यासाठी अनसूयाबाई झटल्या ते योग्यच होतं. पण दोन माणसं जिवंत जाळली जाताना आनंदानं नाचायला मी लोकांना चार तास आधीपासून तयार करत होतो. नागपंचमीच्या त्या रात्री त्यांच्या घरी निरोप घेऊन कोण गेलं असेल, याचा एक शब्द संहितेत नव्हता.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात पहिल्या प्रयोगाची कथा आहे. इंद्राच्या ध्वजोत्सवात, देवांनी दानवांना कसं हरवलं याचं नाटक होतं. हरलेले तिथंच बघत असतात. ते चिडतात आणि नटांची वाणी, हालचाल, स्मृती गोठवून टाकतात. इंद्र ध्वजाच्या दांड्यानं त्यांना झोडपतो, तरी विघ्नं थांबत नाहीत. शेवटी ब्रह्मदेवाला त्यांच्याशी बोलावं लागतं. तो त्यांना सांगतो की हे नाट्य एकट्या देवांचं नाही, तिन्ही लोकांच्या भावांचं आहे. ही कथा मी वर्गात शिकवलेली आहे. बैठकीत त्या ग्रंथातलं मला सोयीचं होतं तेवढं सांगितलं, हे नाही सांगितलं.

यंदा मंडळ तेच नाटक पुन्हा करणार आहे. शेजारच्या दोन गावांनीही मागितलं आहे. मी पाचव्याबद्दल बोललो तेव्हा अध्यक्ष म्हणाला, "गुरुजी, ते तर इंग्रजाचे नौकर होते." कोषाध्यक्ष, ज्याला माझं आधीचं पटलं नव्हतं, तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माहा बाप तलाठी होता." आणखी काही बोलला नाही. अध्यक्षानं संहिता माझ्यापुढं सरकवली.

मंडईला चार महिने आहेत. आग ठेवायची हे ठरलं आहे, ती इतिहासात आहे. आग लागायच्या आधी बंगल्यात दोन माणसं जेवायला बसलेली दाखवावीत की एका घराच्या दारावर थाप पडावी, यावर माझे तीन कच्चे खर्डे झाले. एकही अजून त्या मुलीला वाचून दाखवलेला नाही.